माशी नसल्याचा ठराव

एखादी गोष्ट नाही असा रीतसर ठराव झाला, की नंतर ती गोष्ट राहिली तरी तिला समाजात मान राहत नाही. सुधारलेली वस्ती आणि न सुधारलेली वस्ती यांतला फरक माझ्या मते एवढाच आहे. न सुधारलेल्या वस्तीत माशी असते. सुधारलेल्या वस्तीतही माशी असते, परंतु तिच्या नसण्याला सूचक आणि अनुमोदक असतात.

आमची वसाहत सुधारलेली आहे. गेली कित्येक वर्षं मी तिचा सचिव आहे (बिनविरोध, या पदाला दुसरं कुणी उभंच राहत नाही, याला मी लोकांचं प्रेम समजतो). वाळूमाशी नसल्याचा ठराव माझ्याच अक्षरात आहे आणि त्यात एकही खाडाखोड नाही. 'सदरहू कीटक वसाहतीच्या हद्दीत वास्तव्यास नसून, पुढेही नसेल' हे त्यातलं वाक्य लोक अजून वाखाणतात.

पण माशीच्या आधी भिंतीबद्दल सांगायला हवं, कारण आमच्याकडे भिंत आधी आली.

वसाहतीच्या मागच्या अंगाला एक जुनी दगडी भिंत होती. दगडांमधला चुना गळून गेलेला, हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. गिलावा करून घ्या, असं गवंडी सांगून थकला. पण आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळी वसाहत अप्पा म्हणते, ते दूरदृष्टीचे. त्यांनी कुठल्याशा मासिकात हिरव्या भिंतीचा फोटो पाहिला आणि आठवड्याभरात आमची भिंत हिरवी करायचं काम सुरू झालं. खालपासून वरपर्यंत काळ्या कापडाचे खिसे ठोकले. प्रत्येक खिशात ओली माती, कुजवलेला पालापाचोळा आणि एक रोप. महिन्या-दोन महिन्यांत अशी काही भिंत फुलली म्हणता, की लग्न ठरलेली जोडपी तिच्यासमोर फोटो काढायला येऊ लागली. सुंदर वसाहतींच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला. भेगा दिसेनाशा झाल्या, म्हणजे त्या बुजल्याच. गवंड्याचा उगाच होणारा खर्च वाचला.

अशा भिंतीला रोज पाणी लागतं, आणि तेही ऊन उतरल्यावर. त्यासाठी अप्पांनी 'भिंतमित्र' योजना काढली. वसाहतीतली सात ते बारा वयाची मुलं रोज संध्याकाळी, वारा पडला की, हाफ पँटी घालून पाइप घेऊन भिंतीशी उभी राहायची. मुलांना निसर्गाची गोडी लागते, मोबाइल सुटतो आणि माळी ठेवावा लागत नाही, असे या योजनेचे तीन फायदे होते. माझी नऊ वर्षांची नात या मुलांची पुढारी होती. तिला आम्ही घरात खारूताई म्हणतो, कारण ती सदान्‌कदा काहीतरी कुरतडत असते आणि एका जागी बसत नाही. पाणी घालून झालं तरी ती भिंतीशीच रेंगाळायची. संध्याकाळी तिथे पेन्शनर यायचा.

पेन्शनर हा वसाहतीचा कुत्रा. दिवसभर फाटकाशी पडून राहायचं आणि जेवणाच्या वेळी हजर व्हायचं, एवढंच काम असल्यामुळे त्याला हे नाव पडलं. तो पुढे वाळत चालला. डोळ्यांभोवतीचे केस गेले, जणू कुणी चष्मा घातला. नखं वाढून पुढे वळली, चालताना फरशीवर टकटक वाजायला लागली. वसाहतीत याचं कौतुक झालं. कुत्र्याची फिगर पाहा आणि आपली पाहा, असं माझ्या ओळखीतल्या किमान चार बायकांनी आपापल्या नवऱ्यांना सुनावलं.

तळमजल्यावर मागच्या बाजूला एक पशुवैद्यबाई राहतात. त्यांची खिडकी नेमकी भिंतीसमोर उघडते (उघडत असे, पुढे त्यांनी तिला बारीक जाळी मारली, त्यामुळे इमारतीची शोभा गेली, याबद्दल त्यांना नोटीस दिलेली आहे). बाई जनावरांच्या डॉक्टर. त्यांनी पेन्शनरला घरी नेलं, रक्त तपासलं आणि थेट समितीच्या बैठकीत येऊन उभ्या राहिल्या.

"याला वाळूमाशीचा आजार झालाय," बाई म्हणाल्या. "माशी आजारी कुत्र्याला चावते, तेव्हा त्याच्या अंगातले परजीवी तिच्या पोटात जातात. तिथे वाढतात. मग ती दुसऱ्याला चावली, की त्याच्या अंगात उतरतात. दुसरा कुत्रा असेल, नाहीतर माणूस."

परजीवी म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं. दुसऱ्याच्या जिवावर फुकट जगणारे, असं बाईंनी सांगितल्यावर बऱ्याच जणांनी खजिनदारांकडे पाहिलं, पण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

मग बाईंनी माशीचं वर्णन केलं. डासाच्या निम्म्याहूनही लहान, मातकट, अंगावर लव असलेली. धड उडता येत नाही, टुणटुण उड्या मारते. दिवसा ओलसर अंधाऱ्या भेगेत झोप काढते आणि संध्याकाळी फिरायला बाहेर पडते. वारा असला तर तेही रद्द. आवाज म्हणून करत नाही. (निवृत्तीनंतर माझाही दिनक्रम साधारण असाच असल्यामुळे मला तिच्याबद्दल थोडी आपुलकी वाटली.) ओल्या मातीत, कुजलेल्या पाल्यात अंडी घालते. वाळूत राहत नाही. वाळूमाशी वाळूत राहत नाही, हे ऐकल्यावर मात्र अप्पांचा बाईंवरचा विश्वास साफ उडाला.

"मग राहते कुठे म्हणता?" अप्पांनी विचारलं.

"तुमच्या भिंतीत."

पहिला नंबर आलेल्या भिंतीबद्दल असं कुणी आजवर बोललं नव्हतं. तुम्ही जनावरांच्या डॉक्टर आहात, तेव्हा माणसांच्या वसाहतीबद्दल मत देताना जरा जपून, असं अप्पांनी त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं. तरीही आमची समिती लोकशाहीवादी असल्यामुळे प्रत्यक्ष पाहणी करायचं ठरलं.

पाहणीची पद्धत मुद्दाम इथे नोंदवतो, इतर वसाहतींना उपयोगी पडेल. एक, पाहणी भर दुपारी करावी, म्हणजे उजेडात काही नजरेतून सुटत नाही. दोन, रहिवाशांना एकच प्रश्न विचारावा, तुम्हाला गुणगुण ऐकू येते का. तीन, ज्याला गुणगुण ऐकू येत नाही त्याच्याकडे माशी नाही असं धरावं. चार, पाहणी करणाऱ्यांना उकडू नये म्हणून सगळीकडे पंखे लावून ठेवावेत. या शास्त्रशुद्ध पाहणीत शंभर टक्के घरांत गुणगुण आढळली नाही. एका आजोबांना कसलीतरी गुणगुण येत होती, पण ते कानाच्या मशिनमुळे निघालं. भिंतीजवळ खजिनदार स्वतः भिंग घेऊन गेले होते. त्यांना तिथे फार प्रसन्न वाटलं.

एवढ्यावर बाईंनी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांनी एका संध्याकाळी तेल लावलेले कागद भिंतीवर टांगले आणि सकाळी ते कागद घेऊन अप्पांच्या दारात आल्या. कागदांवर मातकट ठिपके होते. ठिपक्यांना पंख होते. अप्पांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि निर्णय दिला, की कागदाला चिकटलेले हे कीटक आता हयात नाहीत, आणि हयात नसलेल्यांना रहिवाशांत धरता येत नाही. त्याच संध्याकाळी ठराव मंजूर झाला, आणि फाटकावर हिरव्या अक्षरांत पाटी लागली: 'वाळूमाशीमुक्त वसाहत'.

तथापि आमची समिती सावध आहे. आजार नाही, हे खरं. पण आजारी कुत्रा दिसतो, हेही खरं. म्हणून वसाहतीतल्या सगळ्या मोकाट कुत्र्यांना बाहेर काढायचं ठरलं.

"कुत्रे गेले तर त्या माश्या चावणार कुणाला?" बाईंनी विचारलं.

"तो माश्यांचा प्रश्न आहे," अप्पा म्हणाले. "आणि माश्या तर नाहीतच."

गाडी आली, कुत्रे गेले. पेन्शनरला बाईंनी आपल्याकडे ठेवून घेतलं, औषध सुरू केलं आणि गळ्यात माश्यांना दूर ठेवणारा पट्टा घातला. खारूताई त्याला भेटायला जायची. घरी येऊन पायाचे घोटे कराकरा खाजवायची. मी तिला सांगायचो, नखाने खाजवू नये, वळ उठतात. आजोबा या नात्याने माझं जे कर्तव्य होतं, त्यात मी कधी कसूर केली नाही.

पुढे खारूताईला ताप आला. आला, गेला, पुन्हा आला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी हवा बदलल्याचं सांगितलं, मग पाणी बदलल्याचं, मग स्वतःच बदलीवर गेले. पोरीने कुरतडणं सोडलं. ताटातलं ताटात राहायला लागलं. हातपाय काड्यांसारखे झाले आणि पोट मात्र पुढे आलं. संध्याकाळी मुलं पाइप घेऊन हाका मारायची, तर ही खिडकीत बसून नुसता हात हलवायची. सूनबाई मला काही बोलल्या नाहीत. त्या माझ्याशी अजिबातच बोलेनाशा झाल्या होत्या.

मोठ्या दवाखान्यात मी आणि मुलगा तिला घेऊन गेलो. तिथले डॉक्टर तरुण, पण विचारपूस बारकाईने करणारे. त्यांनी पोट चाचपलं. डाव्या बरगडीखाली त्यांच्या हाताला काहीतरी घट्ट लागलं.

"तुमच्या भागात वाळूमाशी आहे का?" त्यांनी विचारलं. "कुत्र्यांमध्ये असा काही आजार?"

हा प्रश्न मला विचारण्यात आला, हे मी भाग्य समजतो. दुसऱ्या कुणाला विचारला असता तर त्याने काहीतरी मोघम सांगितलं असतं. मी ठराव लिहिणारा माणूस. मी ताठ बसून म्हणालो, "नाही. आमची वसाहत माशीमुक्त आहे. आणि कुत्रेही नाहीत."

"नक्की?"

"पाटी लावलेली आहे," मी म्हणालो.

मुलाने माझ्याकडे पाहिलं. पण तो वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. डॉक्टरांनी मान हलवली, एका तपासणीपुढची खूण खोडली आणि बाकीच्या पाच-सहा करायला सांगितल्या. त्या सगळ्या झाल्या. पोरीच्या दंडातून इतकं रक्त काढलं, की शेवटी शीर सापडेना. कशातच काही निघालं नाही. ताप येत राहिला. डॉक्टर पुस्तकं चाळत राहिले. मला त्या काळात त्यांचं फार वाईट वाटायचं, एवढा हुशार माणूस, आणि निदान होईना.

पुढच्या खेपेला मुलाला रजा नव्हती, म्हणून आमच्या सौ. बरोबर आल्या. आमच्या सौ. कुठल्याही समितीवर नाहीत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला शिस्त नाही. डॉक्टर दमून म्हणाले, की वाळूमाशी असती तर सगळं जुळलं असतं, पण तुमच्याकडे ती नाही.

"कोण म्हणतं नाही?" सौ. म्हणाल्या.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

सौ.नी खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही पायांचे घोटे डॉक्टरांपुढे धरले. ते लाल चट्ट्यांनी भरलेले होते. "संध्याकाळी मागच्या दारात उभी राहते ना, त्याचं हे. आमच्या खालच्या बाई कागदावर पकडून दाखवत होत्या. त्यांच्याकडचा कुत्रा याच आजारातून उठलाय. पोर रोज त्या भिंतीला पाणी घालायची. यांना विचारू नका. हे सचिव आहेत."

त्यानंतर माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. खोडलेली तपासणी पुन्हा लिहिण्यात आली. तिचा निकाल बाईंच्या कुत्र्याच्या निकालाशी शब्दशः जुळला. शिरेतून औषध सुरू झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर. आणखी थोडा उशीर झाला असता ना, तर..." आणि थांबले. हल्लीच्या डॉक्टरांना वाक्य पुरं करायची सवय नसते. मी बाहेर व्हरांड्यात गेलो, भिंतीकडे तोंड केलं आणि रडलो. (हे रडणं माझं खाजगी होतं. समितीचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

खारूताई हळूहळू सावरली. दवाखान्यातून सुटायच्या आधी तिने नर्सबाईंच्या पेनाचं टोपण कुरतडलं, तेव्हा सूनबाई पोटभर रडून घेऊन हसल्या. मीही हसलो, पण मी दाराच्या बाहेर होतो.

मग सौ.नी सभा मागितली. वसाहतीच्या इतिहासात कुणी लेखी पत्र न देता तोंडी सभा मागितल्याचा हा पहिलाच प्रसंग. तरी अप्पांनी मोठ्या मनाने ती लावली. सौ. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भिंतीवरचे ते खिसे काढा, भेगा बुजवा, फवारणी करून घ्या. बाकी मला काही बोलायचं नाही."

अप्पांनी शांतपणे मुद्दे मांडले. महिन्याभरावर स्पर्धेचे परीक्षक येणार आहेत. वसाहतीच्या कॅलेंडरवर बाराही महिने भिंतीचाच फोटो आहे. एका मुलीला आजार झाला, याचं सर्वांना मनापासून दुःख आहे. पण वसाहतीतली बाकी मुलं धडधाकट आहेत, म्हणजे टक्केवारीत पाहिलं तर भिंतीचा निकाल उत्तम आहे. शिवाय फवारणी करून घेतली, तर माशी होती असं आपणच कबूल केल्यासारखं होईल, आणि मग पाटीचं काय करायचं?

पाटीचं काय करायचं, हे खरोखरच कुणाला सुचेना.

मत घेतलं गेलं. भिंत उतरवावी असं म्हणणाऱ्यांनी हात वर करा. सौ., सूनबाई आणि पशुवैद्यबाई, असे तीन हात. चौथा हात वर झाला होता, पण तो पंखा वाढवा म्हणून होता. खुलासा झाल्यावर खाली घेण्यात आला. भिंत राहावी म्हणणारे पाच, म्हणजे मी सोडून सगळी समितीच. उरलेली साठ-पासष्ट माणसं मूग गिळून बसली होती. कुणी नखं पाहत होतं, कुणी मोबाइल. माझा मुलगा बुटाची नाडी बांधत होता आणि ती सभा संपेपर्यंत बांधून झाली नाही. जे गप्प बसले त्यांना भिंत मान्य आहे असं धरावं, असं अप्पांनी सांगितलं. त्यालाही कुणी हरकत घेतली नाही, तेव्हा तेही मंजूर झालं.

सौ. माझ्याकडे पाहत होत्या. बराच वेळ पाहत होत्या. पण सचिवाने तटस्थ असावं लागतं आणि माझा उजवा हात लिहिण्यात गुंतलेला होता. काय लिहीत होतो, ते अक्षर आता मलाही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सौ., सूनबाई आणि खारूताई सौ.च्या बहिणीकडे राहायला गेल्या. "तुमची भिंत तुम्हाला लखलाभ," एवढंच सौ. जाताना म्हणाल्या. पोरीने मात्र मला मिठी मारली. तिचं वजन अजून फार नव्हतं. घरात आता मी आणि मुलगा असतो. आम्ही पंखा पूर्ण सोडून बसतो आणि एकमेकांशी बोलत नाही. जेवण डब्याचं येतं.

परवा अप्पा घरी आले. आत आले, दार लावलं, बसले नाहीत. त्यांच्या नातवाला, तोही भिंतमित्रच, ताप येतोय. येतो, जातो, पुन्हा येतो. "तुमच्या त्या डॉक्टरांचा नंबर द्या जरा," म्हणाले. मी दिला. दाराशी जाऊन ते वळले आणि हळूच म्हणाले, "हे इतिवृत्तात नको हं." मी म्हणालो, नाही घालत. परीक्षक येऊन जाईपर्यंत तरी नाही.

आता एक औपचारिक बाब तेवढी उरली. हे निवेदन तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर वाचलंत, त्याबद्दल समिती आभारी आहे. मधे दोन-तीन ठिकाणी तुम्ही हसलात. पोरीच्या तापापाशी जरा थांबलात, हळहळलात आणि पुढे सरकलात. तुमच्या घरामागच्या भिंतीतली भेग तुम्हाला एकदा आठवलीही असेल, पण तुम्ही उठला नाहीत. हात वर झाल्याची कुठेही नोंद नाही. तेव्हा नियमानुसार तुम्हालाही भिंतीच्या बाजूने धरण्यात आलं आहे.

भिंतमित्रांत सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. तुमच्या घरात सात ते बारा वयाचं कुणी असेल, तर उद्या संध्याकाळी, वारा पडला की पाठवून द्या. पाइप आम्ही देऊ.